बोर्डीला जा, स्वेटर घालायला न्या

नमस्कार,

माझं वय 48. माहेर नाशिकरोडचं, सासर इंदिरानगरचं, म्हणजे सगळं आयुष्य नाशिकमध्येच गेलं. वडील प्रेसमधून रिटायर झाले होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. फेब्रुवारीत ते गेले. आई आता भावाकडे असते.

शाळेत असल्यापासून मी विणते. आईला विणकामाचा कंटाळा, त्यामुळे लोकरीची लडी धरायला कायम अण्णाच बसायचे. दोन्ही हात पुढे, अंगठे वर, आणि समोर बसून मी गुंडा करायचे. ते गेल्यापासून सुयांना हात लावलेला नाही.

लहानपणी दिवाळीच्या सुटीत अण्णा आम्हाला एसटीने डहाणूजवळ समुद्रकाठच्या बोर्डीला न्यायचे. त्यांच्या मित्राची तिथे चिकूची वाडी होती. अण्णा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे राहायचे, आमच्या चपला हातात धरून. या डिसेंबरात तीन दिवस एकटीने बोर्डीला जावं आणि समुद्रावर बसून विणावं असं फार मनात आहे. घरात सांगितलं तर मिस्टर म्हणाले, एकटी कशाला, मी येतो. आत्या म्हणाली, वर्षश्राद्धाच्या आत सहली कसल्या? भाऊ म्हणाला, अस्थी आपण गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत सोडल्या, समुद्रावर काय ठेवलंय? समुद्रावर जाऊन विणायचं म्हटल्यावर सगळ्यांना ते विचित्रच वाटतंय.

दुसरं म्हणजे, मी अण्णांसाठी विणलेला बाटलीच्या हिरव्या रंगाचा हाफ स्वेटर माझ्याकडे आहे. शेवटच्या हिवाळ्यात त्यांच्या अंगात तोच असायचा. भाऊ म्हणतो, बाकीच्या कपड्यांबरोबर तोही देऊन टाकू. मला वाटतं, तो बोर्डीला न्यावा, तिथे बसून उसवावा आणि त्या लोकरीचं काहीतरी करावं. पण कात्री घेतली की हात थांबतो. काय करू? आणि तिथे चारचौघांत रडू आलं तर?

— विणणारी, इंदिरानगर

ताई,

बोर्डीला जा. एकट्या जा. स्वेटर न्या, पण तो घालायला न्या, उसवायला नको. माझं उत्तर एवढंच आहे. मात्र घरातल्या तिघांनी तीन हरकती घेतल्या आहेत आणि त्या तिघांचंही अण्णांवर आणि तुमच्यावर प्रेम आहे. त्यांना डावलून गेलात तर बोर्डीला मन लागणार नाही. म्हणून आधी त्यांचं बघू.

भावाचा प्रश्न नाशिककराला पडावा असाच आहे. देशभरातून लोक आपल्या माणसाच्या अस्थी घेऊन गोदावरीच्या रामकुंडावर येतात, आणि आपण भाजीची पिशवी घेऊन त्यांच्या शेजारून निघून जातो. आपल्यावर वेळ आली की त्याच पायऱ्या उतरवत नाहीत. भावाच्या लेखी अण्णांचा निरोप तिथे झाला, आणि तो निरोप खराच आहे. भूगोलही त्याच्या बाजूने आहे. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते, तिथून अरबी समुद्र जेमतेम 80 किलोमीटर. तरी ती त्याच्याकडे पाठ करून पूर्वेला जाते आणि 1,465 किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. बोर्डीच्या पाण्यात अण्णांच्या अस्थींचा कणही असायचा नाही. पण तुम्ही अस्थी शोधायला कुठे निघाला आहात? पँट दुमडून पोरांच्या चपला सांभाळत पाण्यात उभा असलेला माणूस रामकुंडावर कधीच नव्हता. तो बोर्डीला होता. भावाला हे असंच सांगून बघा. त्या चपलांमध्ये एक जोड त्याचाही होता.

आत्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. माणूस गेल्यावर वर्षभर घराने सणवार, कार्यं बेताने घ्यावीत, या रीतीत शहाणपण आहे. दुःखातल्या घराला कुणी बळेच हसायला लावत नाही, तेवढा आडोसा ती रीत देते. पण रीत पाळणारी माणसंच ती गरजेपुरती सैलही करतात. घरात मुलीचं लग्न ठरलं असेल तर वर्षश्राद्ध आधी उरकून घेतात, त्याला कुणी नावं ठेवत नाही. तुम्ही तर कार्य काढलेलं नाही, की वाजतगाजत कुठे निघालेल्या नाही. वडिलांच्या आठवणीत तीन दिवस विणत बसायचं, याला आत्याही शांत डोक्याने सहल म्हणणार नाहीत. वाद मात्र घालू नका. त्यांचा भाऊ गेला आहे, हे घरातल्या गडबडीत बहुतेक सगळेच विसरलेत. भेटायला येणारे बायको-मुलांची विचारपूस करतात, म्हाताऱ्या बहिणीची कुणी फारशी करत नाही. एखाद्या दुपारी त्यांच्याकडे जा, अण्णा लहानपणी कसे होते ते विचारा, त्या बोलतील तितकं ऐका. निघताना सांगा, "आत्या, तीन दिवस बोर्डीला जाऊन येते." परवानगी मागितलीत तर त्यांना नाही म्हणावंच लागेल, म्हणून नुसतं सांगा.

मिस्टरांना काळजी वाटते आहे, दुसरं काही नाही. त्यांना तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी घेऊन बोलवा. दोन रात्री तुमच्या, शेवटचा दिवस दोघांचा. एकत्र जेवा आणि त्र्यंबकवरून घरी या.

पत्रात मला एक गोष्ट मात्र टोचली. भाऊ काय म्हणाला, आत्या काय म्हणाल्या, मिस्टर काय म्हणाले, सगळं आहे. आई काय म्हणाली ते कुठेच नाही. विचारलंच नसेल तर आधी तिला विचारा. जाण्याबद्दल विचाराच, पण त्याहून जास्त स्वेटरबद्दल विचारा. विणला तुम्ही असलात तरी शेवटच्या हिवाळ्यात रोज सकाळी अण्णांच्या डोक्यातून तो घालणारे, हात बाहेर काढून देणारे आणि मागून खाली ओढणारे हात बहुतेक तिचेच असणार. त्या स्वेटरवर तिचाही हक्क आहे, कदाचित तुमच्याइतकाच.

आता स्वेटर. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण मीही विणते आणि कात्रीपाशी थांबलेला हात मला समजतो.

हात थांबतो आहे तर थांबू द्या. आपल्याला, विणणाऱ्यांना, उसवायची भीती नसते. चुकलं की उसवा, परत विणा, हे आपण पहिल्या स्वेटरपासून करत आलेलो असतो. पण या स्वेटरला तो नियम लावू नका. लोकर परत मिळेल, बाकीचं मिळणार नाही. घालून घालून त्याला अण्णांच्या खांद्याचा आकार आला असेल. पोटापाशी तो थोडा ताणला असेल, गळ्याची पट्टी एका बाजूला ढिली झाली असेल. आणि गळ्यापाशी अजून त्यांचा वास असेल. उसवलेली लोकर धुतल्याशिवाय विणता येत नाही, आणि एका धुण्यात वास जातो. निदान हा हिवाळा तरी कात्री लावू नका.

गेलेल्या माणसाचा कपडा अंगात घालू नये, असं कुणीतरी म्हणेलच. आपल्याच घरांत आजीचं लुगडं नातीच्या अंगावर येतं, जुन्या साड्यांच्या गोधड्या होतात आणि त्या गोधडीत सगळं घर झोपतं. तेव्हा कुणाला काही वाटत नाही. तुम्ही तो स्वेटर घाला. बोर्डीला नाशिकसारखी थंडी नसते, पण डिसेंबरात सकाळी पाण्यावरून येणारा वारा झोंबतो, हाफ स्वेटरची गरज लागतेच. तो तुमच्या अंगात मोठा होईल, खांदे खाली उतरतील, तसाच राहू द्या.

भावाला मात्र पुरतं तोडू नका. शर्ट, पँटी, कोट, चपला द्यायलाच हव्यात, आणि त्या याच दिवसांत द्यायला हव्यात. निफाडचा पारा किती उतरला ते रोज सकाळी पेपरात येतं, आणि त्याच रात्री गोदाघाटावर माणसं उघड्यावर झोपलेली असतात. कपाट रिकामं करणं ही कदाचित त्याची दुःख सोसायची तऱ्हा असेल. काही माणसांना हाताने आवराआवर केल्याशिवाय मोकळं होता येत नाही. त्याच्याबरोबर बसून कपड्यांच्या घड्या घाला. फक्त एकदा स्पष्ट सांगा, की दुकानातून आणलेले शर्ट आणि मी टाक्याला टाका घालून विणलेला स्वेटर एका गाठोड्यात जाणार नाहीत.

तोवर तो ठेवायचा कसा? प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत दमटपणा धरतो. धुतलेल्या सुती अभ्र्यात घाला आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला फडक्यात बांधून शेजारी ठेवा. डांबरगोळ्या अजिबात घालू नका. त्यांनी कसर लागणार नाही, पण आठवडाभरात स्वेटरला नुसता डांबरगोळ्यांचा वास येईल.

पुढच्या वर्षी, किंवा त्याच्याही पुढच्या, उसवावासा वाटलाच तर तेव्हा हात थांबणार नाही. तेव्हासाठी लिहून ठेवते. कात्री फक्त शिवणीला लावायची. स्वेटर उलटा करून पाठ आणि पुढा जोडलेली शिवण शोधा, तिचा दोरा तेवढा कापा, टाक्याला धक्का लागू देऊ नका. मग गळ्याची आणि काखेच्या घेराची पट्टी सोडवा, मग खांदे. विणकाम शेवटाकडून सुरुवातीकडे उसवतं, त्यामुळे बॉर्डरपासून वर विणलेला स्वेटर खांद्याकडून खाली उसवत येईल. सुटेल ती लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळत जा, चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधा आणि लोकरीच्या साबणाच्या कोमट पाण्यात भिजवा. पिळायची नाही. दांडीवर टांगून खालच्या बाजूला थोडं वजन अडकवलं की नागमोडी झालेली लोकर सरळ होत जाते. खरी लोकर चांगली सरळ होते. अ‍ॅक्रिलिक असेल तर थोडी नागमोड राहतेच, ती घालवायला इस्त्री फिरवू नका, लोकर मलूल पडते. काखेतली आणि गळ्याची लोकर विरली असेल, ती वेगळी काढा.

आणि उसवत खाली आलात की बॉर्डरपाशी थांबा. ती उसवू नका. एक सुलट, एक उलट अशी ती चार बोटं पट्टी म्हणजे तुम्ही अण्णांसाठी विणलेल्या पहिल्या ओळी आहेत. तिच्यावरचे मोकळे टाके सुईवर घ्या आणि तिथूनच पुढे धुतलेल्या लोकरीने स्वतःसाठी काहीतरी विणायला लागा. उसवण्याआधी, कुठल्या नंबरच्या सुयांनी विणला होता ते आठवत नसेल तर पाठीवर दहा सेंटीमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसतात ते मोजून वहीत लिहून ठेवा. नंतर मोजायला काही उरत नाही.

त्या लोकरीची लडी झाली की धरायला कुणीतरी लागेल. आईला बोलवा. विणकामाचा कंटाळा असला म्हणून काय झालं, लडी धरायला विणता यावं लागत नाही. अण्णांना कुठे येत होतं?

मग बोर्डीला काय विणायचं? तुमच्या प्रश्नांमध्ये हा नव्हता, पण मला सगळ्यांत महत्त्वाचा हाच वाटतो.

आठवण काढायची म्हणून माणूस बसलं, की आधी दवाखाना आठवतो. औषधांच्या वेळा, रिपोर्ट, शेवटची रात्र, आपण तेव्हा काय करायला हवं होतं ते. शेवटचे महिने इतके जवळचे असतात की त्यांच्यामागे असलेली आधीची चाळीस-पन्नास वर्षं दिसेनाशी होतात. तुम्हाला बोर्डीला जावंसं वाटतंय ते त्यामुळेच, असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं. लिहिताना तुम्ही आजाराचं नावसुद्धा घेतलेलं नाही. तुम्हाला दवाखान्यातले नव्हे, तर लडी धरणारे अण्णा परत हवे आहेत. ते आठवायचं ठरवून येत नाहीत. हात कशात तरी गुंतलेले असले, डोकं अर्धं रिकामं असलं, की मागचं आपोआप वर यायला लागतं. एसटीच्या खिडकीतून दिसलेला घाट, चिकूच्या वाडीतली संध्याकाळ, त्यांनी म्हटलेलं एखादं साधंसंच वाक्य. विणणाऱ्या बाईला याचं सगळं साहित्य पिशवीतच मिळतं. म्हणून समुद्रावर विणण्यात विचित्र काही नाही. इंग्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या घरातल्या बायका त्यांच्यासाठी घट्ट विणीचे निळे स्वेटर विणायच्या, उभ्याने, चालताना, बोटीची वाट बघताना. समुद्र आणि सुया यांची जोडी जुनी आहे.

तेव्हा नवीन लोकर घ्या आणि अगदी साधं काम घ्या. एक मफलर, दोन्ही बाजूंनी नुसते सुलट टाके. दोरा मध्यम असेल तर 8 नंबरच्या सुया आणि चाळीसेक टाके पुरेत. (तुम्हाला सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी: आपल्या जुन्या मापात नंबर वाढतो तशी सुई बारीक होत जाते. 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर म्हणजे सव्वातीन.) वेण्या, जाळीची वीण, दोन रंग, यातलं काहीही नको. टाके मोजायला लागलं की सगळं मन मोजण्यातच जातं. इतक्या महिन्यांनी सुया घेताय, तर सुरुवातीच्या ओळी आवळ येतील, खांदे दुखतील. त्या उसवत बसू नका, हात बसला की वीण आपोआप सैल होते. मफलर कुणासाठी ते आधी ठरवलं नाहीत तरी चालेल. आणि हे सगळं बोर्डीलाच सुरू करायचं असा हट्ट नको. टाके घरी घाला, दोन-चार ओळी घरीच विणा. तिथे पोचल्यावर पहिला टाका घालायची वेळ आली तर तो फार जड जाईल.

सुया अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा बांबूच्या घ्या, स्टीलच्या खाऱ्या हवेत गंजू शकतात आणि लोकरीला डाग पडतो. बोर्डीच्या किनाऱ्याला सुरूची झाडं आहेत, सावली छान, पण त्यांच्या काड्या आणि काटेरी बोंडं लोकरीत अडकली की निघता निघत नाहीत. जाड चादर न्या, गुंडा नाडीच्या पिशवीत ठेवा आणि धागा तेवढा बाहेर घ्या. दुपारी कंटाळा आला तर झाईकडे चक्कर मारा, मच्छीमारांचं गाव आहे, बोर्डीला लागूनच. तिथे कुणीतरी जाळं सांधताना दिसेल. जाळ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं असतं, हातात दोरा भरलेली चपटी सुई. भोक पडलं तिथे ते लगेच सांधत नाहीत. आधी फाटकी टोकं कापून भोक थोडं मोठं करतात, धडकी घरं सापडेपर्यंत, आणि मग एकेक घर भरत येतात. आपल्यासारख्या विणणाऱ्यांनी ते हात एकदा जवळून बघावेत.

दिवस निवडताना कॅलेंडरात तिथी बघा. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशेब असा, की तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. बोर्डीला यात अर्धा-पाऊण तास पुढेमागे धरा. म्हणजे सप्तमी-अष्टमीच्या सुमारास गेलात तर सूर्य मावळताना पाणी पूर्ण वर आलेलं असेल आणि दुपारी ओहोटी असेल. त्या दिवसांत भांगाचं पाणी असतं, अमावास्या-पौर्णिमेसारखं उधाण नसतं, समुद्र मवाळ असतो. बोर्डीचा किनारा अगदी सपाट आहे, ओहोटीला पाणी खूप लांब जातं आणि मागे करडी ओली वाळू उरते. चालायला ती फार छान, पण एकट्या आहात, पाण्याच्या मागे फार आत जाऊ नका आणि पाणी फिरायच्या आत परत या. जिथे राहाल तिथल्या मालकीणबाईंना सांगून बाहेर पडा.

एक मनाची तयारी ठेवून जा. तुमच्या लहानपणीची बोर्डी तशीच असेल असं नाही. अण्णांच्या मित्राची वाडी विकली गेली असेल, किंवा तिथे पर्यटकांच्या खोल्या झाल्या असतील. पहिल्या दिवशी ती शोधायला जाऊ नका. आधी समुद्र, विणकाम, झोप. दुसऱ्या दिवशी वाटलं तर विचारत विचारत जा. वाडी सापडली नाही तरी चिकू सापडतील. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण अण्णांना तो त्याच्या आधीपासून माहीत होता. आईला आणि आत्यांना आणा. थोडे कच्चे बघून घ्या, घरी येईपर्यंत पिकतात.

रडू आलं तर रडा. समुद्रावर रडणाऱ्या बाईकडे लोक एकदा बघतात आणि आपल्या वाटेने जातात. सुया तेवढ्या आधी खाली ठेवा, टोकांना रबर लावा, म्हणजे टाके निसटणार नाहीत. ओळ अर्धी राहिली तरी चालते. खरी कठीण वेळ समुद्रावर येणार नाही, ती संध्याकाळी अंधार पडल्यावर खोलीत येईल. त्या वेळेला कुणाला फोन करायचा ते आधीच ठरवा. मला विचाराल तर भावाला करा, आणि तेव्हा त्याला चपलांचं विचारा. तुमच्या पत्रातल्या दुःखात मला आजार दिसत नाही, ते प्रेमाचं दुःख आहे. पण झोप, जेवण, कामावर जाणं हेच महिनोन्‌महिने बिघडलेलं असेल आणि ते तुम्ही पत्रात लिहिलं नसेल, तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फोन मोफत लागतो आणि मराठीत बोलता येतं. बोर्डीला जाण्याआधी एकदा करा.

शनिवार-रविवार आणि नाताळ ते 31 डिसेंबर टाळा, तेव्हा मुंबईची गर्दी असते आणि रात्री गाणी वाजत राहतात. जाताना त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, डहाणू हा रस्ता धरा. एसटी जव्हारला किंवा डहाणूला बदलावी लागेल, म्हणून आदल्या दिवशी स्टँडवर वेळा विचारून ठेवा. घाट लागतो असं असेल तर पंचवटी एक्सप्रेसने दादरपर्यंत जा आणि पश्चिम रेल्वे धरा. 2013 पासून लोकल डहाणू रोडपर्यंत जाते, तिथून बोर्डी 17 किलोमीटर, रिक्षा मिळते. रजेचा अर्ज मात्र या आठवड्यातच टाका आणि आईला त्याच्या आधी भेटा.